ओळखीपुरती एक फरशी

"एक ऱ्हाऊ द्या. वळखीला."

हे शब्द ऐकले की लोणावळ्यातले कितीतरी घरमालक आजही कपाळावर हात मारून घेतील. खोटं वाटत असेल तर इकडे कुणाकडे जेवायला गेलात की हळूच फ्रीजमागे, नाहीतर गॅसच्या सिलिंडरमागे वाकून बघा. घरभर चकचकीत फरशी असेल आणि त्या कोपऱ्यात एकच जुनी, कडा झिजलेली, हळदीचे डाग पडलेली फरशी तुमच्याकडे बघत असेल. ती आबांनी ठेवलेली.

आबा जुन्या फरश्या काढायचे. माझं टाइल्सचं दुकान आहे. नवी फरशी मी विकायची आणि जुनी उखडायला आबांना पाठवायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मळवलीच्या पलीकडे डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथून ते यायचे. खांद्याला गोणपाटाची पिशवी आणि तिच्यात छन्नी, हातोडा आणि भाकरी असं सगळं एकत्र. भाकरीला सिमेंट लागतं असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी मलाच विचारलं, सिमेंट तुमच्याच दुकानातलं ना, मग चांगलंच असणार.

जी फरशी दुपारपर्यंत राडारोडा होणार, तिच्यावर पाय ठेवण्याआधी आबा चपला बाहेर काढत. मग बोटाच्या पेरानं फरशी वाजवत वाजवत खोलीभर फिरत, आणि एखाद्या जागी आडवे होऊन सरळ कान लावत. पोकळ वाजली की तिथून छन्नी घालायची, एवढंच त्यातलं शास्त्र. बाकी सगळा आबांचा स्वभाव.

एका बंगल्यातल्या, मुंबईहून आलेल्या बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला फिट आली. त्यांनी धावत जाऊन कांदा फोडला आणि आबांच्या नाकाशी धरला. आबा डोळे मिटूनच म्हणाले, "बाई, जरा दम धरा. ही कायतरी बोलती." बाईंनी घाबरून मला फोन लावला, की तुमचा माणूस फरशीशी बोलतोय. मी त्यांना समजावलं की तो बोलत नाहीये, नुसता ऐकतोय. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

काम मात्र नेटकं. फरश्या निघाल्या की खालच्या कोब्याला छन्नीनं खाचा मारायच्या, म्हणजे नवा माल घट्ट धरतो. मग सगळं झाडून स्वच्छ. पण शेवटची एक फरशी आली की हातोडा पिशवीत जायचा. कुठली ठेवायची ते मालकानं सांगावं. मालक भांडत बसला तर चहा येईपर्यंत जी निघाली नाही ती ठेवायची. यात बदल नाही.

हे खूळ त्यांच्या डोक्यात एका कुत्र्यानं भरलं. मळवलीच्या एका बंगल्यात त्यांनी सगळ्या फरश्या काढल्या, तेव्हा अजून एक ठेवायची रीत नव्हती. नवी फरशी बसली आणि बंगल्यातलं म्हातारं कुत्रं घरात येईना. पावसात भिजत पायरीवर बसून राहिलं. शेवटी आबांनी राडारोड्याच्या ढिगातून एक अख्खी जुनी फरशी शोधून व्हरांड्यात आणून ठेवली. कुत्रं आलं आणि तिच्यावर जाऊन बसलं.

"घर वळखू येईना त्याला," आबा सांगत. "माणसाचंबी तसंच. आपल्याला कळत न्हाई, येवढंच."

गुळगुळीत फरशीवर कुत्र्याचे पाय घसरत असतील, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, की कुत्र्याला इचारा.

एका वकिलांनी त्यांच्याशी असा वाद घातला की चहा येऊन गार झाला. तोवर हॉलच्या बरोबर मधोमध एक लाल फरशी राहिली होती, आणि आबा निघून गेले. मी दुसरा माणूस पाठवतो म्हणालो, पण तोवर वकिलांच्या आई त्या फरशीवर पाट मांडून शेंगा सोलत बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. नवी फरशी तिच्याभोवती बसवावी लागली. दोन्हींची पातळी जुळवताना आमचा मिस्त्री आबांच्या नावानं जे काही बोलला ते मी इथे लिहू शकत नाही.

पुढे वकील पाहुण्यांना सांगू लागले की हे डिझाइन आहे. झालं, माझ्या दुकानात लोक तसलं डिझाइन मागायला यायला लागले. नुकत्याच बांधलेल्या बंगल्याचा मालक म्हणाला, मलाही एक जुनी फरशी हवी. मी आनंदानं आबांना बोलावलं. त्यांनी बंगल्यात चक्कर मारली, फरशी वाजवली, कान लावला आणि नकार दिला. या घराला अजून कुणी ओळखतच नाही, तर ओळख ठेवायची कुणाची? मालक चिडून दुसऱ्या दुकानात गेला. मलाही राग आला, पण तो टिकेना. मला ते आवडायचे, दुसरं काय.

या सगळ्यात एका घराचं नुकसान होत होतं, ते आबांच्या. त्यांच्या घरात शेणानं सारवलेली जमीन. मावशी, म्हणजे त्यांची बायको, गुडघ्यांनी बेजार. सारवायला बसल्या की उठताना दाराची चौकट धरून ओरडत. घरात फरशी व्हावी एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मागितली होती. मी उरलेल्या पेट्या द्यायला कधीचा तयार होतो. आबा मात्र पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणत आणि उन्हाळे जात.

अडचण काय, ते एकदा दुकानात स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं. "शेठ, आमच्यात जुनी फरशीच न्हाई. ठिवायची काय? सगळंच नवं केलं तर म्हातारीला तरी घर वळखंल का?"

थोडी मातीच ठेवा की, मी म्हणालो. मावशींचंही तेच म्हणणं होतं. ते मान हलवत राहिले. "मातीवर बोट मारलं तर वाजत न्हाई. वाजत न्हाई तिची वळख कशी धरायची?"

म्हणजे गावभर फरश्या उखडणाऱ्या माणसाच्या घरात फरशी येईना, कारण उखडायला काही नव्हतं. मी हसलो. तेही हसले. मावशी तिकडे गुडघे धरून सारवत होत्या, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि त्यातच ते गेले.

उन्हाळ्यात मावशींचा निरोप आला, की पेट्या पाठवा. मी पाठवल्या, आणि मिस्त्रीही तोच पाठवला. काम झाल्यावर बघायला गेलो. दारात चपला काढल्या. खोलीभर पांढरी फरशी, तीन-चार पेट्यांमधली, म्हणून पांढऱ्याचेही वेगवेगळे रंग. आणि चुलीजवळ, जिथे आबा भाकरीला बसत, तिथे एका फरशीएवढा मातीचा चौकोन. ताजा सारवलेला. आजूबाजूच्या फरशीशी पातळी इतकी बरोबर जुळवलेली की हात फिरवला तरी कड लागेना. मिस्त्री माझ्याकडे न बघता थापी धूत बसला होता.

मी वाकून बोटाच्या पेरानं त्या चौकोनावर टकटक केलं. काही वाजलं नाही. बोटाला शेण मात्र लागलं.

"गुडघ्याला आता येवढंच सारवाण झेपतंय," मावशी म्हणाल्या. "त्यांस्नी घर वळखू यावं म्हून ऱ्हाऊ दिलं." आणि पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात त्यांचं काळं कुत्रं दारातून आत आलं. चारही पाय चार दिशांना जात होते. कसंबसं सावरत ते थेट त्या ओल्या चौकोनापाशी पोचलं आणि त्याच्यावर बसलं. मी हाकलायला उठलो.

"बसू द्या," मावशी म्हणाल्या. "सांच्याला परत सारवीन."

कुत्र्याचे पाय घसरत होते, हे मी या वेळी बोललो नाही.