जावयाचा मान

वडिलांनी मला शेवटचं गाढव म्हटलं ते नोकरी लागायच्या आधी. सायकलच्या चाकात हवा भरायला विसरलो होतो म्हणून. मग पुण्याला बँकेत लागलो आणि त्यांनी मला रागावणं सोडूनच दिलं. सुट्टीत औरंगाबादला गेलो की ‘प्रवास कसा झाला’, ‘जेवलास का’, ‘पड जरा’ एवढंच बोलणं. सुरुवातीला मला ते आवडायचं. आपण मोठे झालो असं वाटायचं.

वडील शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी खुलताबादच्या पुढं उतारावरचा एक तुकडा विकत घेतला. पीक निघावं अशी जमीन नव्हतीच ती. कडुलिंब, पळस, बाभळी आणि सीताफळांची नुसती दाटी. ओळखीपाळखीचे लोक हसले. पण वडिलांना तिथं शेती करायचीच नव्हती, एक खोली बांधायची होती. दगडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं ओटा, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून तिथं राहायचं.

ही खोली मी पहिलीत असल्यापासून ओळखत होतो. तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. रविवारी वडील फरशीवर खडूनं आराखडा काढायचे. इथं चूल, इथं खिडकी, इथं आईचं जातं. बहीण रांगत होती, ती रेघा पुसायची. दार कुठं ते कळावं म्हणून वडील मला दोन रेघांच्या मधे उभं करायचे. “हलू नको,” म्हणायचे, “दार हायेस तू.” मी श्वास रोखून उभा राहायचो. आई आतबाहेर जाताना मला बाजूला सारायची आणि वडील तिच्यावर ओरडायचे, “दार मोडू नको!”

तर त्या घराची चौकट बसली हे मला फोनवर कळलं. फोनही वडिलांनी केला नाही, बहिणीनं केला. “काल चौकट उभी केली रे. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.”

“कोण कोण होतं?”

“आम्हीच. आन् हे होते की. यांनीच तर धरली चौकट.”

हे म्हणजे तिचा नवरा. वाळूजच्या कारखान्यात फिटर. माणूस वाईट नाही, उलट इतका चांगला की त्याच्यात खोट काढायला बसलं तर दिवस जातो. मी ‘वा, वा’ म्हणून फोन ठेवला आणि बँकेच्या बाहेर येऊन उगाचच एका रिक्षावाल्याशी भांडलो.

चैत्रात रजा काढून गेलो. पायवाटेनं वर चढत होतो तेव्हाच वडिलांचा आवाज कानावर आला. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. “ए, वासा सरळ धर की! डोळे कुठं हायेत तुझे? सकाळधरनं सांगतोय!”

जावयाला! आमच्या घरात जावयाला ‘अहो’शिवाय हाक नाही. लग्नात याच वडिलांनी त्याचे पाय धुतले, अधिक महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे वाढले, आणि तो समोर असला की हे खुर्चीत मागं टेकून बसायचे नाहीत. आता तो लुंगी खोचून भिंतीवर उभा होता, खांद्यावर वासा होता, आणि तो शिव्या खाऊन दात काढत होता. “चुकलं मामा, चुकलं,” म्हणत होता.

मला बघितल्यावर वडिलांचा आवाज एकदम खाली आला.

“आलास व्हय? अगं, खुर्ची दे त्याला. सावलीत मांड. लई ऊन हाय, त्याला सवय नाय राह्यली.”

सगळ्या रानात एकच खुर्ची होती, घडीची. ती माझ्यासाठी उघडली गेली. चहा आला तर मला कपबशीत. बाकी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात, त्यातून अर्धा चहा आणि अर्धी बाभळीची पानं. मी उठून वाळूचं घमेलं उचललं तर वडिलांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. “राहू दे रे. हात खराब होतील.” ते घमेलं त्यांनी जावयाच्या डोक्यावर ठेवलं, आणि ठेवताना ‘नीट जा, पालथं घालशील’ असं वर म्हणाले.

मी सावलीत बसलो होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटत होता, आणि साधासुधा नव्हे. त्याच्या खांद्यावर वाशाचा वळ उठला होता, तो वळसुद्धा मला हवा होता.

भिंतींचं काम खुलताबादचे एक मिस्त्री करत होते. दाढी पांढरी, बोलणं थोडकं. दुपारी थापी धूत माझ्याकडे बघून त्यांनी वडिलांना विचारलं, “दामादसाब पहली बार आए क्या इधर?”

वडील म्हणाले, “दामाद नई मिस्त्री, लड़का है मेरा. पुणे में रहता.”

“अच्छा?” मिस्त्रींनी भिंतीवर बघितलं. “तो वो?”

“वो दामाद.”

मिस्त्री थापी टाकून हसले. “मैं तो उलटाच समझा साब, इत्ते दिन से!”

वडीलही हसले. आईनं पदर तोंडाला लावला. भिंतीवरचा तो तर खाली पडायचा बाकी राहिला. मीही हसलो, पाव्हणा हसतो तसं, बशीत चहा ओतत. मिस्त्रींचं काय चुकलं होतं? खुर्ची कुणाला, कपबशी कुणाला आणि बोलणी कुणाला, एवढं बघून कुणीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मिस्त्री नमाजाला गेले होते. वडील आणि मेव्हणा पत्र्याचे बोल्ट आणायला मोटारसायकलवरून गेले. वडील मागं बसले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. मी कधी गाडी घेतली नव्हती, त्यामुळे माझ्या खांद्यावर तसा हात पडायचा प्रश्नच आला नव्हता. उताराच्या वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत मी तो हात बघत राहिलो.

मग मी ठरवलं, आज आपण काहीतरी करून दाखवायचं. ओट्याच्या अगदी पुढ्यात दोन झाडं उभी होती. पान नाही त्यांना एक. नुसत्या वाळक्या काटक्या. येण्याजाण्याच्या वाटेत ही मेलेली झाडं कशाला ठेवलीत, असं मला कालपासून वाटत होतं. मी कुऱ्हाड घेतली.

“काय चाललंय रे?” आईनं आतून, चुलीपाशी बसूनच विचारलं.

“साफसफाई,” मी म्हटलं.

दोन्ही झाडं आडवी केली. तळहाताला फोड आले. ते फोड मी सारखे उघडून बघत होतो, आता हे दाखवायला बरे म्हणून.

मोटारसायकल आली. वडील उतरले आणि ओट्याकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला तेव्हा माझ्या लक्षात आलं. सीताफळं होती ती. सीताफळाला चैत्रात पान राहत नाही. त्याची गळलेली पानं याच वडिलांचं बोट धरून मी दौलताबादच्या वाटेवर लहानपणी तुडवली होती. ओट्यावर सावली राहावी म्हणून त्यांनी सगळी खोली त्या दोन झाडांपासून मोजून मागं घेतली होती, हे आईनं मला नंतर सांगितलं.

मी बोलणी खायला तयार होऊन उभा राहिलो. तयार कसला, मी वाट बघत होतो.

वडील गर्रकन वळले ते जावयाकडे. “तुला अक्कल नाय का रे? जाताना सांगून जाता येत नाय, की ही ठेवायची हायेत म्हणून? त्याला काय कळतंय त्यातलं!”

“चुकलं मामा,” तो म्हणाला.

आणि मला? मला वडील म्हणाले, “असू दे. फुटतील पुन्हा. हात बघू तुझा.”

त्यांनी माझ्या फोडांना खोबरेल लावलं. त्यावेळी मला जितका राग आला तितका पुढं कधी आला नाही. झाडं मी तोडली होती. ती बोलणी माझी होती, माझ्या हक्काची, आणि तीही तो माझ्यासमोर उभा राहून खाऊन गेला. संध्याकाळच्या गाडीनं मी निघालो. वडील फाट्यापर्यंत पोचवायला आले आणि माझी पिशवी त्यांनीच उचलली.

घरभरणी दसऱ्याला झाली. बुंध्यांना गुडघ्याएवढे हिरवे फुटवे आले होते. पूजा झाली, पंगत बसली, मग वडील आहेर करायला उठले. मिस्त्रींना सगळा पोशाख दिला. नंतर जावयाचा मान. आई कुंकवाचं तबक घेऊन आली, वडिलांनी टॉवेल-टोपी हातात घेतली आणि हाक मारली. तो ओट्यावर वरणाची बादली घेऊन वाढत होता.

“मला कशाला मामा?” तो तिथूनच म्हणाला. “मी काय पाव्हणा हाय व्हय? पंगत उठू द्या आधी.” आणि पुढच्या पानाकडे सरकला.

वडील टोपी हातात धरून इतके खूश होऊन हसले की मला बघवेना. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं. मी दिसलो.

“बरं, मग तू ये. शकुनाचं हाय, परत ठेवत नसत्यात.”

माणसं हसली. मी म्हटलं, “मला नको. पाव्हण्यांना द्या.”

“घे की रे.”

“नको म्हटलं ना! चौकट बसवताना बोलावलं नाही, आता टोपी घालताय?”

वडिलांचा चेहरा लाल होत गेला. तो रंग मी ओळखला.

“गाढवा! चार माणसांत तोंड चालवतोस? दार अडवून उभा राह्यलास, मागं भाताचं पातेलं घेऊन आई खोळंबलीय, दिसत नाय? हल तिथनं! घाल ती टोपी आन् लाग वाढायला!”

मी खाली बघितलं. खरंच चौकटीत उभा होतो, उंबऱ्यावर, बरोबर मधोमध.

मी हललो. टोपी घातली, टॉवेल कमरेला गुंडाळला आणि सरळ जाऊन मेव्हण्याच्या हातातल्या बादलीची कडी धरली. तो हसला, पण कडी सोडेना. मीही सोडली नाही. आम्ही दोघं पंगतीच्या मधे ती बादली धरून उभे राहिलो आणि एकमेकांकडे बघत राहिलो.

“सांडतंय की रे, गाढवा!” वडील ओरडले.

दोघांपैकी कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी ते माझ्या नावावर जमा करून घेतलं.