मेहुण्याने वाट सोडली

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाइतका वाट अडवणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये झाला नाही आणि आता होणारही नाही. हे मी पाच वर्षं त्याच्याबरोबर दोन खोल्यांत राहून, अनुभवाने आणि पुरता दमून सांगतोय. तो हॉकीत फुलबॅक होता. म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहायचं आणि समोरून जो येईल त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. बरं, मैदानावर काय अडवायचं ते अडव बाबा! पण हा घरातही मोरीच्या दारात, कपाटापुढे, उंबऱ्यात, जिथे असेल तिथे गुडघे किंचित वाकवून असा उभा राहायचा, की ऑफिसला निघताना मला रोज म्हणावं लागे, "सरक रे बाबा!" त्यावर तो मान वर न करता माझ्या कमरेकडे बघे आणि म्हणे, "भावोजी, तुम्ही डावीकडून जाणार." वैताग म्हणजे मी खरोखरच डावीकडून जात असे.

हे कमरेकडे बघणं हा म्हणे फुलबॅकचा धर्म. "डोळे फसवतात, हात फसवतात, स्टिक तर असतेच फसवायला. कंबर नाही खोटं बोलत," असं तो मला चहा पिता पिता समजावायचा. हळूहळू त्याने माणसांच्या तोंडाकडे बघणंच सोडून दिलं. सोसायटीच्या सेक्रेटरीशी तो अर्धा तास बोलला, तरी नंतर त्यांना चष्मा आहे का हे त्याला सांगता येईना. आमच्या ऑफिसातले साहेब एकदा घरी जेवायला आले. माझ्या बढतीचे दिवस होते, म्हणून बायकोने सोलकढीपासून सगळा घाट घातलेला. हा समोर बसून सबंध जेवणभर साहेबांच्या पट्ट्यावर नजर लावून. साहेबांनी दोनदा हळूच पँटची चेन तपासली, तिसऱ्यांदा मांडीवर नॅपकिन पसरला आणि मागचा भात न घेताच उठले. ते गेल्यावर मी कपाळाला हात लावून बसलो, तर हा शांतपणे म्हणतो, "भावोजी, हा माणूस शब्द देईल आणि भलतीकडेच वळेल." बढती झाली नाही. आता त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

त्याच्या स्टिकला आठवड्यातून एकदा अळशीचं तेल लागे. मग ती सुकायला आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीला टांगलेली, आणि तेलाची बाटली गोडेतेलाच्या बाटलीशेजारी. एका रविवारी बायकोने घाईत पोह्यांना फोडणीच त्या तेलाची दिली. आम्ही दोघं पहिल्याच घासाला थांबलो. हा दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, "ताई, आज फोव झकास झालेत गो!"

हसायचो आम्ही, पण त्याचे हाल बघवायचे नाहीत. माझे सासरे गिरणीत होते. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा दोघं म्हातारा-म्हातारी कुडाळजवळच्या गावी परत गेली आणि हा आमच्याकडे आला. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये दिवसभर लेथवर उभा. त्याआधी पहाटे पाचला उठून मैदान, परत आल्यावर पुन्हा काळोख पडेपर्यंत मैदान. जेवताना हातातला घास तसाच राहायचा आणि डोळे मिटायचे. हे सगळं कशासाठी, तर ए डिव्हिजनसाठी. तो खेळायचा बी डिव्हिजनमध्ये, एका साध्या क्लबकडून, स्वतःच्या पैशाने बूट घेऊन. ए डिव्हिजनमध्ये मोठमोठ्या कंपन्यांच्या टीम. त्यात एकदा नाव लागलं की नोकरी परमनंट, राहायला क्वार्टर. मग आई-बाबांना परत आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. सासूबाई दर पत्रात शेवटी कोणाकडून तरी लिहवून घ्यायच्या, "झिलाक नोकरी गावली काय, ता कळवा." ते पत्र बायको मोठ्याने वाचायची आणि भावाच्या नोकरीची ती ओळ आली की नुसतीच घडी घालायची.

एका कंपनीची निवड चाचणी दरवर्षी व्हायची. जमलेल्या पोरांच्या दोन टीम करून खेळवायचं आणि खुर्च्यांवर बसलेल्या तिघांनी वहीत नंबर लिहायचे. पहिल्या वर्षी हा गेला आणि हात हलवत परत आला. "काय झालं रे?" "काहीच नाही झालं, भावोजी." हे अगदी शब्दशः खरं होतं. समोरचे फॉरवर्ड सगळे त्याला बी डिव्हिजनमध्ये ओळखणारे. याच्या बाजूने जाण्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक, तेव्हा सत्तर मिनिटं सगळा खेळ मैदानाच्या दुसऱ्या बाजूने झाला. तिथला फुलबॅक दहादा चुकला, बारादा त्याने मातीत लोळून बॉल अडवला, आणि निवडलाही तोच गेला. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम रजा टाकून बघायला गेलो. पुन्हा तेच! माझा मेहुणा आपल्या कोपऱ्यात गुडघे वाकवून उभा, जसा काही बसच्या रांगेत. त्याच्याकडे कोणी फिरकलंच नाही. खुर्चीवरच्या एका गृहस्थांना मी विचारलं, "पाच नंबर कसा वाटला?" त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "पाच नंबर खेळला का?"

तिसरं वर्ष शेवटचं होतं, कारण फॉर्मवर पंचवीस वयाची अट होती. चाचणीच्या आदल्या रविवारी मी त्याला समोर बसवलं. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. त्या पत्रांना, त्या तेलाच्या वासाला, दरवर्षी आशा धरायला. मी म्हटलं, "हे बघ, सारखं बंद दार कोण ठोठावणार? एकाला सोड. दोन पावलं पुढे जाऊ दे त्याला, सगळ्यांचा श्वास अडकू दे, आणि मग मागून गाठून बॉल काढ. बघतील तरी तुझ्याकडे!" त्याने खिडकीतली स्टिक काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "मुद्दाम सोडायचा? तसं कधी केलं नाही मी." बायको आतून म्हणाली, "कशाला त्याला नाही ते शिकवताय?" पण मी हट्टाला पेटलो होतो. तीन संध्याकाळी आम्ही मैदानावर तालीम केली. हॉकीची स्टिक धरायचीही अक्कल नसलेला मी बॉल घेऊन पळायचो, तो मला दोन पावलं सोडायचा, वळायचा आणि अलगद बॉल काढून घ्यायचा. एकदाही चुकला नाही.

चाचणी त्या वर्षी शहरात नव्याने घातलेल्या हिरव्या, कृत्रिम गवताच्या मैदानावर होती. त्यावर तो जन्मात खेळला नव्हता. पहिला अर्धा तास नेहमीसारखाच, कोणी फिरकेना. मग तो ठरवल्याप्रमाणे आत सरकला, बाजू उघडी ठेवली. एक उंच पोरगा बॉल घेऊन आला. माझ्या मेहुण्याने त्याची कंबर बघितली, तो कुठून जाणार हे त्याला कळलं, हे मला खुर्च्यांमागूनही दिसलं. आणि त्याने वाट सोडली. आमच्या मुलुंडच्या मैदानात खड्डे, खडी, मातीचे उंचवटे. बॉल दोन पावलांत मंदावतो, अडखळतो, आणि हा त्याला गाठतो. तिथे तो बॉल मंदावलाच नाही. हा वळेपर्यंत बॉल गोलच्या फळीवर वाजला होता. खुर्च्यांवरच्या तिघांनी एकदम मान वर केली, पाच नंबर बघितला आणि वहीत लिहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाहेर आम्ही एका इराण्याकडे चहा घेतला. मी म्हटलं, "चुकलं रे माझं. तुझी वाट लावली मी." त्याने बशीत चहा ओतला, पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "नाही भावोजी. बघितलं ना त्यांनी? तुम्ही म्हणालात तसंच झालं." त्यावर मात्र, गेल्या पाच वर्षांत न आलेलं रडू मला आलं आणि त्यानेच वेटरला पाणी आणायला सांगितलं.

पुढे त्याच वर्कशॉपमध्ये तो फोरमन झाला, बोरीवलीला खोली घेतली, सासूबाईंना आणलं. सासरे मात्र तोवर राहिले नाहीत. त्या चाचणीबद्दल तो आजतागायत मला एका शब्दाने बोललेला नाही. महिन्या-दोन महिन्यांतून येतो, ताईच्या हातचं जेवतो, सोफ्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतो. मग घड्याळ बघून म्हणतो, "निघतो भावोजी, सकाळी लवकर आहे." तो चपला घालायला येईपर्यंत मी उंबऱ्यात जाऊन उभा राहतो. तो माझ्या कमरेकडे बघतो, डावीकडे वळतो. मी डावीकडे सरकतो. तो उजवीकडे वळतो, मी उजवीकडे. "आता सरका की!" तो म्हणतो. मी म्हणतो, "बस रे अजून जरा," आणि वाट सोडत नाही.