खंडेनवमीला आलेली बारावी ओळ

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं — या सगळ्याला मी आजवर खदाखदा हसत आलोय. बायको नारळ उतरवायला लागली तरी मी चेष्टाच करायचो. पण हे घडलं ते कुणाला सांगता येत नाही... म्हणून लिहितोय.

बीडच्या बाहेर आमचं जनावरांच्या रोगांचं छोटं संशोधन केंद्र आहे. सोनवणे मॅडम नमुने तपासतात. त्यांतल्या जंतूंचा डेटा सर्व्हरवर चालवून कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, एवढं काढून देणं माझं काम. गेल्या वर्षी कडा गावाजवळच्या एका वस्तीवरून कडूबाईच्या शेळ्यांचे नमुने आले. शेळ्या बारा. अकरा आजारी, नेहमीच्या इंजेक्शनला दाद देईनात. बारावी धडधाकट, म्हणून तिचा नमुना घेतलाच नव्हता. नवऱ्यामागं बाईचं घर त्या शेळ्यांवरच चालतं. रोज फोन — "दादा, कळलं का वो काई? उठंनात माज्या शेळ्या."

मी विश्लेषण लावलं. दोन दिवसांचं काम. मधेच आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे यंत्राला विसावा, हळदकुंकू, झेंडूचा हार. शिपाई गंगाधरमामा ताट घेऊन दारातच उभे. "बंद करा की सायेब, लई येळ झाला. चालू मशीनला कुकू लावत असत्यात व्हय?"

त्यांच्या घाईत, आत काय चालू आहे हे न बघताच मी सर्व्हर बंद केला. प्लगसुद्धा काढला. नारळ फुटला, पेढा खाल्ला, अकरालाच घरी आलो. आणि जेवताना आठवलं... अरे देवा, कडूबाईचं काम चालू होतं! पण केंद्राला तोवर कुलूप लागलं होतं, किल्ली मामांकडे. काम अर्धवट बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन दिवस.

दसऱ्याच्या दिवशी सकाळीच धावत गेलो. प्लग तसाच जमिनीवर, कुंकवाचं बोट लागलेला. जोडला, सर्व्हर चालू केला. बघतो तर निकालाची फाईल तयार! वेळ — आदल्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटं. घड्याळ तपासलं, बरोबर. यूपीएसची नोंद पाहिली — आदल्या दिवशी दहापासून सर्व्हरनं वीज घेतलेलीच नाही. पुन्हा एकदा पाहिली, तेच.

फाईलमध्ये ओळी बारा होत्या. अकरा आमच्या नमुन्यांच्या, आणि खाली बारावी, पुढचा नंबर घेतलेली. जंतू तोच. पण बारावा नमुना आमच्याकडे नव्हताच ना!

तेवढ्यात मॅडमचा फोन. "झालं का रे? डॉक्टर कडूबाईकडे निघालेत."

काय सांगणार? पूजेपायी काम बंद पाडलं म्हणू? कंत्राटी माणूस मी, टरकलो. विचारपूस नको म्हणून ती बारावी ओळ काढून टाकली आणि फाईल पाठवली.

"अकराच ना? हे औषध कमी आहे, मोजूनच नेणार आहेत."

"हो मॅडम, अकराच."

मग चोरून तेच काम पुन्हा लावलं. ते दोन दिवस कसे काढले माझं मला माहीत. औषध चुकलं तर बाईचं घर बसणार, आणि पाप माझ्या माथी. अन्न गोड लागेना. बायको म्हणाली, "आवो, कुणी मेलंय का?" तिच्यावरच खेकसलो. शेवटी निकाल आला. अकरा ओळी, अक्षर न् अक्षर तेच. खुर्चीतच रडू आलं मला.

दुसऱ्या दिवशी कडूबाईचा फोन. "दादा, अकराच्या अकरा उठल्या बगा! देव तुमचं भलं करू. ती एक तेवढी पहाटं गेली. काई झालं नव्हतं वो तिला, काल सांजंपस्तोर चरत व्हती. जाऊ द्या, तुमी तर लई केलंत."

त्या मेलेल्या शेळीचा नमुना आला. मॅडमनी त्याला बारा नंबर दिला. त्याचा डेटा मीच चालवला. जंतू तोच.

दोन जाणकारांना आडून विचारलं. एक म्हणाला वेळेची नोंद चुकते कधी कधी, दुसरा म्हणाला जुनी फाईल असेल. असेलही. पण मग न घेतलेल्या नमुन्याची ओळ कुठून आली? मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही.

दिवाळीत कडूबाई करंज्यांचा डबा घेऊन एसटीनं केंद्रावर आली. "दादांना बगायचंय," म्हणत होती. मामांना म्हटलं, सांगा मी नाही म्हणून. आणि ती जाईपर्यंत आत दाराला कडी लावून बसलो.