नमुन्याची खोली

"आधी आडवी होऊ द्या की, मग बोलते," असं म्हणून त्या बूट काढायच्या, पलंगाखाली नीट जोडून ठेवायच्या आणि रुग्णाच्या पलंगावर सरळ उताण्या पडायच्या. हात पोटावर, डोळे छताकडे. आम्ही चार-पाच जण गळ्यात ओळखपत्रं अडकवून, हातात नकाशे घेऊन भोवती उभे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाईंना भोवळ आलीय आणि ही माणसं कागद चाळताहेत.

कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं होती. सगळं दोहा खणून ठेवलेलं. काल होता तो रस्ता आज नसायचा आणि जो तो कुठली तरी मुदत गाठायच्या मागे. आम्ही एका हॉस्पिटलचा नवा वॉर्ड करत होतो. मी पुण्याहून गेलेला, खोल्या आतून कशा असाव्यात ते ठरवणाऱ्या कंपनीत. हॉस्पिटलच्या बाजूने वॉर्डात काय हवं-नको ते सांगायला एक अनुभवी नर्स नेमल्या होत्या, त्या ह्या. मूळच्या मिरजेच्या, पन्नाशीच्या. वॉर्ड सुरू झाला की इन्चार्ज त्याच होणार, असं ठरलेलं होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्या मला भाऊ म्हणायच्या, कारण त्या सगळ्या गोतावळ्यात मराठी आम्ही दोघंच. बाकीच्यांशी इंग्रजी, हिंदी. आमच्यात मात्र मिरजेची आणि पुण्याची थट्टा चालायची.

आम्ही संगणकावर खोल्यांची देखणी चित्रं करायचो. त्यात पलंगावर एक गोरा, हसरा माणूस लॅपटॉप घेऊन बसलेला असे. सिस्टर चष्मा लावून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "भाऊ, ह्याला झालंय काय? ह्याला घरी सोडा की." पुढच्या चित्रात मी त्याला झोपवला.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य 'इन्शाल्ला'बद्दल होतं. तुमच्यापैकी जे आखातात राहिलेत त्यांना ठाऊक आहे, 'देवाची इच्छा असेल तर' असा हा शब्द श्रद्धेनेही म्हणतात आणि काम टाळायलाही. कोणी दुसऱ्या अर्थाने म्हणालं की सिस्टर वही उघडायच्या आणि विचारायच्या, "इन्शाल्ला किती तारखेला?" भल्याभल्या मॅनेजरांची बोबडी वळायची.

अशा कामात सगळ्या खोल्या करण्याआधी एक खोली पुरी करून दाखवतात. तिला नमुन्याची खोली म्हणायचं. वापरणाऱ्यांनी तिच्यावर सही केली की बाकीच्या तिच्याबरहुकूम होतात. आमची खोली झाली तेव्हा सिस्टर नेहमीप्रमाणे आडव्या झाल्या आणि या वेळी बराच वेळ उठल्याच नाहीत.

"हा दिवा बरोबर डोळ्यांत येतोय," त्या म्हणाल्या. "या, झोपून बघा."

मी म्हणालो, नकाशात पाहिलंय मी.

"नकाशा तुम्ही उभ्यानं बघता. पेशंट आडवा असतो."

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर शेजारीच उभा होता. त्याच्यासमोर बूट काढून पलंगावर झोपायची मला लाज वाटली. मी झोपलो नाही. सिस्टरचं मागणं काही फार नव्हतं. दिवा दोन विती भिंतीकडे सरकवा आणि त्याचं बटण पेशंटच्या हाताशी द्या. पण छताचा नकाशा मंजूर झालेला होता. बदल म्हणजे नवा नकाशा, नवी मंजुरी, दोन-तीन आठवड्यांचा उशीर. मॅनेजरने मला बाहेर नेऊन सांगितलं, "यल्ला, चलो, सिस्टर की साइन आज चाहिए. खलास." माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि ते वाढवायचं की नाही, हे त्याच्या हातात होतं.

मी कागद घेऊन गेलो. त्यावर 'खोली पसंत, सूचना नाहीत' असं इंग्रजीत छापलेलं होतं. सिस्टर पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

"दिव्याचं लिहिलंय ना?"

"लिहिलंय. सरकवून देतो," मी म्हणालो.

त्यांनी पर्स बंद केली. "इन्शाल्ला नाही म्हणालात. मराठीत सांगताय, मग झालं," म्हणाल्या आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली.

पुढे कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं मी लोकांना सांगू शकलो असतो. तुम्हाला तसं सांगत नाही. बोट ठेवलं तेव्हाच मला माहीत होतं की दिवा सरकणार नाही.

वॉर्ड सुरू झाला, सिस्टर इन्चार्ज झाल्या. पेशंट डोळ्यांवर टॉवेल टाकून पडू लागले. काही जण उशी पायथ्याला घेऊन उलटे झोपायचे. एक केरळी आजोबा दिवसभर काळा गॉगल लावून पडलेले असायचे, जेवतानासुद्धा. सिस्टर त्यांना हीरो म्हणायच्या. मला दिव्याबद्दल त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो. तिकडे पेशंटांच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर डॉक्टर चांगले, नर्स चांगल्या, जेवण बरं आणि दिवा नको, असं येत राहिलं.

शेवटी बैठक झाली. ही खोली पसंत कोणी केली, असा प्रश्न आला आणि आमच्या मॅनेजरने तो कागद पडद्यावर दाखवला. खाली सिस्टरची सही. त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपमध्ये पाहिलं.

"सही माझीच आहे. मी वाचायला हवं होतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. सिस्टरनी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. खोलीत आठ माणसं होती आणि त्यांतलं एकही वाईट नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं. बैठक संपल्यावर मी लॅपटॉप मिटून उठलो.

इन्चार्जपद दुसरीकडे गेलं. सिस्टरना खाली ड्रेसिंगच्या खोलीत पाठवलं. नंतर वॉर्डातले सगळे दिवे सरकवले, त्याला दोन आठवडे लागले. माझं कंत्राट केव्हाच वाढलेलं होतं.

आम्ही दोघंही अल वक्राला राहायचो. संध्याकाळी त्या माझ्याच गाडीतून यायच्या. बैठकीच्या दिवशीही येऊन बसल्या. मी कशीबशी सुरुवात केली, "सिस्टर, त्या दिवशी..."

"इट्स ओके, सर," त्या समोर बघत म्हणाल्या. "प्लीज ड्राइव्ह."

दुसऱ्या दिवसापासून त्या मेट्रोने जाऊ लागल्या. माझ्याशी भांडल्या नाहीत, अबोला धरला नाही, कामाचं सगळं नीट बोलायच्या. फक्त इंग्रजीत. दिवाळीला माझ्या बायकोने फराळाला बोलावलं, तर दारात मला "गुड ईव्हनिंग, सर" आणि आत जाऊन बायकोशी चकलीच्या भाजणीवर तासभर मराठी. माझी मुलगी इंग्रजी शाळेतली, इंग्रजीतच उत्तरं देणारी. तिच्याशीही त्या हट्टाने मराठीच बोलायच्या. बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, ही आमच्या दोघांची थट्टा आहे.

वर्षभराने त्यांचं कंत्राट संपलं आणि ते वाढलं नाही. मिरजेला जाण्याच्या आदल्या दिवशी त्या भेटायला आल्या. बायकोने त्यांची ओटी भरली, दोघी रडल्या. माफी मराठीतच मागायची, असं मी सकाळपासून घोकत होतो. दाराशी त्या वळल्या. "थँक यू फॉर एव्हरीथिंग, सर." आणि लिफ्ट आली.

दार लावल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, मावशी तुमच्याशीच का इंग्लिशमध्ये बोलते?" इतका लांब मराठी प्रश्न तिने मला पहिल्यांदाच विचारला होता. बायकोही डोळे पुसत उत्तरासाठी थांबली.

"ऑफिसची सवय गं," मी म्हणालो.

दोघींनाही ते लगेच पटलं.