घोड्यापर्यंतची पावलं

वीरभद्रप्पा मास्तर म्हणजे मापाचा माणूस. सोलापुरी चादरीवर जे मोर आणि वेली उमटतात, ते आधी ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढावे लागतात. मास्तर गिरणीत तेच काम करत. एक घर चुकलं की मोराची चोच पाठीला जाते. तीस वर्षांत आपला एकही मोर बिघडला नाही, हे ते कुणी न विचारता सांगत. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं. भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं हेसुद्धा ते बायकोला सांगत, आणि स्वतःला मात्र साधा चहा करता येत नव्हता.

बायको दाक्षायणी, माहेर कुंभारीचं. मूलबाळ नव्हतं. चाळिशी उलटली आणि तिला धाप लागू लागली, ओठ काळेनिळे पडू लागले. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी मास्तरांना एकट्याला आत बोलावलं. काळजाची झडप पार निकामी झाली होती आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. "हा हिवाळा निघेल," डॉक्टर म्हणाले. "पुढचं मी सांगू शकत नाही." मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं की अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय. तिनं मान डोलावली. तिला किती कळलं होतं कुणास ठाऊक.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा ती म्हणाली, "री, यंदा मला गड्ड्याला न्या की." नवऱ्याला ती कानडी रीतीनं 'री' म्हणे.

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर पाळणे, तंबू, दुकानं, नुसती झुंबड.

"काय बघायचंय तुला?"

"बघायचं न्हाय. त्या लाकडी घोड्यावर बसायचंय. गोल फिरतात बघा, ते."

लहानपणी कुंभारीहून बैलगाडीतून यायची तेव्हा बाप म्हणायचा, पोरीच्या जातीनं घोड्यावर बसू नये. लग्नानंतर सासूचा धाक होता. सासू गेली तोवर हिचंच वय झालं, आणि मागायची लाज वाटू लागली. मास्तरांना आधी हसू आलं. मग डॉक्टर आठवले.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "हळू फिरणारा घोडा ना? बसू द्या. भीती चालण्याची आहे. दीडशे पावलं झाली की बसवायचं, दम खाली आला की पुढं."

झालं, मास्तरांना माप मिळालं! आता जत्रेचा बेत कशावर आखायचा एवढाच प्रश्न उरला. गिरणीतला मल्लप्पा कारकून जत्रेचं छापील पत्रक घेऊन आला. त्यात सगळे खेळ होते, पण कुठला कुठून किती लांब याचा पत्ता नव्हता. "ह्याचा उपयोग शेंगा बांधायला," म्हणून मास्तरांनी ते परत केलं. शेजारची रंभाबाई विड्या वळायची. तिनं तिचा उपाय सांगितला.

"मास्तर, मी येते की संगं. माजं स्टूल घिऊन. वैनी जितं दमतील तितं टेकवायचं. आन् पयलं घोड्यावरच बसवा, मग बाकीची जत्रा."

"भर गड्ड्यात स्टुलावर बसवू व्हय तिला? भाजी विकणारणीसारखं?" मास्तर म्हणाले. रंभाबाई पुन्हा विड्या वळू लागली. शहाण्याला कोण शिकवणार?

मास्तरांनी ग्राफचा कागद निवडला. दोन दिवस आधी स्वतः मैदानावर गेले आणि सगळी जत्रा पायांनी मोजून आले. एक पाऊल, एक चौकोन. फाटकापासून बांगड्यांच्या रांगेतून चहाच्या दुकानातल्या बाकापर्यंत एकशे चाळीस. तिथून आरशांच्या तंबूवरून रसाच्या गुऱ्हाळापर्यंत एकशे पस्तीस. तिथून मौतका कुआँ बाहेरून बघत घोड्यांपर्यंत एकशे अठ्ठेचाळीस. बसायच्या जागा लाल, दुकानं हिरवी, आणि शेवटी पिवळा घोडा. घोडा फाटकापासून सरळ गेलं तर जवळ होता. पण एवढी जत्रा मधे रिकामी सोडायची हे मास्तरांच्या हाताला जमेना. तिला सगळं दाखवायचं होतं त्यांना. पुन्हा कधी दाखवणार होते? कागद पुरा झाला तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवून घर न् घर समजावलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, इतका वेळ ते तिच्याशी कधी बोलले नव्हते.

गर्दी ओसरल्यावर, आडवारी दुपारी ते निघाले. दाक्षायणीनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. टांगा फाटकाशी थांबवून ठेवला. मास्तर कागद धरून तोंडानं आकडे पुटपुटत निघाले, ती मागून. चहाच्या बाकावर ती बसली तेव्हा पदरानं तोंड पुसत राहिली.

"बरी हायस ना?"

"बरी हाय की. पुढं काय हाय ते वाचा."

त्यांनी वाचलं. गुऱ्हाळाशी ती फार वेळ बसली. रस तसाच राहिला. मास्तरांनी घड्याळ बघितलं. मग शेवटची एकशे अठ्ठेचाळीस पावलं सुरू झाली. घोड्यांची पिपाणी ऐकू येऊ लागली, लाल-निळे घोडे वरखाली होताना दिसू लागले. "शंभर," मास्तर मोठ्यानं म्हणाले, "आता अठ्ठेचाळीसच!" आणि मागं वळले.

ती नव्हती. तीसेक पावलं मागं, डमरू विकणाऱ्याच्या पुढ्यात, ती धुळीत बसली होती. ओठ जांभळे झाले होते. लोक तिला वळसा घालून जात होते.

"उचलून नेतो तुला," मास्तर म्हणाले. "ते बघ, समोर दिसतायत."

"नको. लोक बघतील." मग थोड्या वेळानं, "घरी जाऊ या, री."

डमरूवाल्यानं पाणी दिलं. अर्ध्या तासानं ती उठली. मास्तरांनी तिचा दंड धरला आणि जवळच्या वाटेनं ते टांग्याकडे निघाले. तेव्हा पहिल्यांदा ते तिच्याबरोबर, तिच्या चालीनं चालले. सवयीनं मोजू लागले आणि मोजता मोजता जागीच थबकले. ते ताडमाड उंच, ती जेमतेम त्यांच्या खांद्याला. त्यांच्या एका पावलाला तिची दोन पडत होती. दीडशे म्हणून त्यांनी तिला दरवेळी जवळजवळ तीनशे चालवलं होतं.

घरी तिला उशीला टेकवून बसवल्यावर मास्तर तिच्या पायांशी बसले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

"चूक झाली माझी. मी माझीच पावलं मोजली. तुझी धरायला पायजे होती."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "चहाच्या बाकाला पोचायच्या आधीच मी दीडशे मोजली होती."

"मग बोलली का न्हाईस?"

ती श्वास गोळा करत म्हणाली,

"तुमी किती खुशीत होता. जल्मभर दुसऱ्यांच्या चादरीवर मोर काढलेत. माज्यासाठी तुमी कागद रंगवला तो ह्यो पयलाच. त्यात चूक हाय असं कसं सांगू? म्हटलं, रेटून चालावं, पोचंन."

मास्तरांनी तिच्या पायांवर चादर ओढली. ती फाल्गुनात गेली. त्याआधी पुन्हा कुठं जायचं नाव तिनं काढलं नाही, आणि तुला काय हवंय, हे विचारायची मास्तरांची छाती झाली नाही.