टाकीतलं गंगाजळ

ढुंढिराज सारनाथच्या पलीकडे एका शाळेत संस्कृत शिकवायचा. दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात नोकरी धरणारा तो पहिलाच. बाकी सगळे पिढ्यान्‌पिढ्या दशाश्वमेध घाटावर छत्रीखाली बसून दक्षिणेतून येणाऱ्या यजमानांचे विधी करत आले. एक्क्याच्या घोडागाडीने शाळेत पोचायला उशीर व्हायचा. हेडमास्तरांनी शेवटचं बजावल्यावर त्याने विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची जुनी फटफटी घेतली. सन छत्तीसच्या मार्गशीर्षात तिची टाकी गळू लागली.

गल्लीत सांड धक्के देतात म्हणून फटफटी घरातल्या चौकात असायची. पेट्रोलचा वास थेट स्वयंपाकघरात जायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचं श्राद्ध होतं. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या आनंदीकाकूंनी सांगितलं, "ब्राह्मण पानावर बसले आणि हा वास आला, तर हे यंत्र घरात राहणार नाही. तूही मग बस छत्रीखाली."

छावणीतल्या मिस्त्रीने आठवडा मागितला. ढुंढिराज म्हणाला, "मीच झाळतो."

यात्रेकरू गंगा घरी नेतात ती तांब्याच्या गडूत. गडू भरला की त्याचं तोंड झाळून बंद करतात. हे काम तो लहानपणापासून करत आला होता.

मी त्याचा मित्र, कविता करणारा. मी गेलो तेव्हा पेट्रोल डब्यात काढून गच्चीवर ठेवलं होतं. टाकी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन झाली होती. शेगडीत झाळायचा खिळा तापत होता.

"घर उडवतोस का?" मी विचारलं.

"रिकामी टाकी उडते, विष्णु. आत वाफ राहते. भरलेली बिलकुल नाही उडत. तू आपलं काव्य बघ."

त्याने झाकण मेणाने बंद केलं. टाकी उलटी ठेवली. तळाची गळकी सांध वर आली. पेट्रोलच्या नळाच्या भोकातून तो लोट्याने पाणी ओतत गेला आणि सांधेच्या जरा खाली थांबला. मग कानशीने रंग खरवडला, नवसागर लावला, खिळा टेकवला. कथील चकाकत सांधेवर पसरलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो.

आनंदीकाकू चौकात आल्या. "श्राद्धाच्या हंड्यातलं पाणी कुणी घेतलं?"

ढुंढिराजने हंड्याकडे पाहिलं. मग हातातल्या लोट्याकडे. सकाळी गंगेवरून आणलेला तो हंडा अर्धा झाला होता.

"गडूची सवय, काकू. हात तिकडेच गेला."

"टाकी झाली?"

"झाली."

"मग ओत ते." त्याने टाकी मोरीकडे नेली, तशा त्या म्हणाल्या, "मोरीत? गंगा आहे ती."

"तुळशीला घालू?"

"पेट्रोल पाजणार तिला?"

"घाटावर परत..."

"लोक अंघोळ करतात तिथे? पलीकडे ने, वाळूत ओत. येताना हंडा भरून आण."

टाकी जुन्या धोतरात गुंडाळून आम्ही मुन्शी घाटावर गेलो. ढुंढिराज ती मांडीवर घेऊन होडीत बसला. नावाड्याने वल्हं थांबवलं, आवाज खाली आणला. "किसके फूल हैं, महाराज?"

त्याला अस्थी वाटल्या होत्या.

"फूल नहीं, भैया. फटफटी की टंकी है."

नावाड्याने पुन्हा वल्हं मारलं. मग म्हणाला, "इसका भी करते हैं?"

पलीकडच्या वाळूत पाणी लगेच जिरलं.

संध्याकाळी टाकी कोरडी करून बसवली, पेट्रोल भरलं, खाली राख पसरली. सकाळी राख कोरडी होती. चौकात वास नव्हता.

श्राद्धाला मी पाट मांडायला होतो. वेणीमाधवशास्त्री पानावर बसले. ढुंढिराज त्यांच्या तळहातावर पाणी सोडायला वाकला. शास्त्र्यांनी आपला हात मागे घेतला.

"तुझ्या हाताला कसला वास हा?"

 ढुंढिराजने ते हात सकाळपासून किती वेळा घासले होते, मी पाहिलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "पेट्रोलचा. मास्तर आहे तो. गाडीवरून शाळेत जातो, वास राहायचाच. तुम्ही पाणी घ्या, भात निवतोय."

शास्त्र्यांनी काकूंकडे पाहिलं. मग हात पुढे केला.