जुन्या फाँटमधला पेपर

लिनक्सच्या कॉम्प्युटरला ब्रेलचं यंत्र जोडायचं म्हणजे भांडलेल्या दोन जावांना एका चुलीपाशी बसवायचं. लातूरच्या अंध विद्यार्थ्यांच्या केंद्रात माझा दिवस यातच जायचा. कागदावर ठिपके उठवणारं ते यंत्र देणगीत आलं होतं. ते चालवायचं कसं, हे सांगणारं माणूस काही देणगीत आलं नाही.

त्या रविवारी एका मुलीचं सगळं त्या यंत्रावर अडलं होतं. जन्मापासून न दिसणारी, बारावी झालेली, किल्लारीकडच्या गावची. लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते, पण हिला कुणी दारात उभं करत नव्हतं. शेवटी स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासवाल्यांनी अट घातली. प्रवेशाचा पेपर तिनं स्वतःच्या हातानं वाचायचा, वाचून दाखवायला कुणी नको. नाहीतर बाकीचे पालक बोंबलतील म्हणे. पेपर आमच्याच केंद्रात, त्यांच्या एका सरांसमोर, आणि दुपारी एकच्या आत संपलाच पाहिजे.

सर पेनड्राइव्ह घेऊन आले, खुर्चीत बसले आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी पेपर उघडला. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसत होतं. छापायला दिलं, तर यंत्र ढिम्म.

केबल काढून लावली. दुसऱ्या भोकात लावून पाहिली. कॉम्प्युटर म्हणतो, काम पाठवलं. यंत्र म्हणतं, मला कुणी काही दिलं न्हाई. नांदेडला माझ्या भावाला फोन लावला. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेला इंजिनिअर तो. "बंद करून चालू कर ना, ताई," एवढंच ज्ञान त्यानं दिलं. मुलगी शेजारी मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. तिनं चिडचिड केली असती तर मला बरं वाटलं असतं.

बराच वेळ डोकं आपटल्यावर दिसलं, की कॉम्प्युटर त्या यंत्राला साधा प्रिंटर समजून राहिलाय. ते बदललं, आणि यंत्र एकदम धडधडायला लागलं. टेबल हललं, खिडकीची तावदानं वाजली. दाराशी बसलेले तिचे वडील ताडकन उठून अंगणात पळाले. भूकंपात त्यांचं घर डोळ्यांदेखत बसलं होतं. मी बाहेर जाऊन म्हटलं, "काही नाही दादा, तुमच्या लेकीचा पेपर चालू झालाय." ते हसले, पण आत काही आले नाहीत.

पहिलं पान तिच्या हातात दिलं. तिची बोटं एक ओळ पुढं गेली, मागं आली, पुन्हा गेली.

"मॅडम, हे मराठी न्हाई. इंग्रजी अक्षरं हायत नुसती. मधीच कंस हाय. शब्दच व्हईना."

मी पडद्याकडं पाहिलं. मराठीच होतं. मग उमगलं. पेपर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. आपले डीटीपीवाले अजून तेच करतात. आतमध्ये इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा चेहरा. असले कागद नीट दिसावेत म्हणून तो फाँट मीच कॉम्प्युटरवर टाकून ठेवला होता. आम्हा डोळसांना मराठी दिसलं, आणि यंत्रानं जे आत होतं ते छापलं.

सगळा पेपर नव्यानं टाइप करायला हवा होता आणि एक वाजत आला होता. मी सरांना थांबायची विनंती केली.

"माझ्या हातात काय हाय, मॅडम? तिकडं बाकीच्यांनी पेपर देऊन टाकलेत." माणूस वाईट नव्हता. त्यांनी घड्याळ मनगटाला बांधलं, पेनड्राइव्ह मागितला, आणि मी तो दिला. मला रडू येत होतं, रागही येत होता. पण राग काढायला समोर ते यंत्र तेवढं होतं, आणि ते बिचारं सांगितलेलं काम मन लावून करत होतं. शेवटचं पान होईपर्यंत धडधडत राहिलं.

मुलीनं पानं नीट जुळवली आणि माझा दंड धरून बाहेर आली. वडिलांनी तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला आणि ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"लई जाड झालाय की," ते मला म्हणाले. "एवढं समदं हिनंच लिवलं?"



"हाव, बाबा," मुलगी म्हणाली. "मीच लिवलं. चला, बस निघून जाईल."